मावशीचा फोटो

माझी मावशी अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावात राहते. कर्नाटकची हद्द तिथून इतकी जवळ आहे की पलीकडच्या गावातल्या देवळाचा भोंगा तिच्या अंगणात ऐकू येतो. घरात मराठी, शेजाऱ्यांशी कानडी, आणि कुणाचे लाड करायचे असले की दोन्ही भाषा एकदम, असं तिचं बोलणं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून शेती बघतात, आणि मावशी त्या दोघांना बघते.

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा ऑपरेशन सोलापुरात करायचं आणि नंतर माझ्याकडे राहायचं असं ठरलं. मी जुळे सोलापूर या नव्या भागात राहते. शहरातल्या एका शाळेत गणित शिकवते. नवरा बँकेत आहे आणि त्यांची बदली तेव्हा अकलूजला झालेली होती, शनिवारी यायचे. मुलगा पुण्याला कॉलेजात. त्यामुळे घरात मी एकटीच होते आणि मावशी येणार म्हणून मला मनापासून बरं वाटलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले, डोक्यावरून आंघोळ नको म्हणाले, आणि बाजूनेही झाकलेला एक मोठा काळा चष्मा दिला. मावशीने तो लावून आरशात बघितलं आणि म्हणाली, "आता कोन वळखंल मला?" आम्ही दोघी हसलो.

पहिले काही दिवस ती घरातच राहिली. पण गावात दिवसभर चालण्याची सवय असलेलं माणूस, चार भिंतींत किती बसणार? मी दुपारच्या शाळेला निघाले की ती जेवायची, थोडी पडायची, आणि ऊन उतरलं की कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायची. मी हरकत घेतली नाही. रस्ता सरळ होता, रहदारी नव्हती. तिचा बटनांचा मोबाइल होता, तो घेऊन जा एवढं मी रोज सांगायचे आणि ती रोज तो चार्जिंगला लावून घरीच ठेवायची.

आमच्या भागात नवीन माणसाची फसगत होते ती गल्ल्यांमुळे. सगळी घरं एकाच वेळी बांधलेली. तोच पिवळट रंग, तेच फाटक, गच्चीवर त्याच काळ्या टाक्या. गल्ल्यांना नंबर आहेत, पण ते वाचता आले तर. त्या दिवशी मावशी देवळातून निघाली आणि एक गल्ली आधीच वळली.

ते मला नंतर कळलं. मला कळलं ते असं.

शाळेत मधली सुट्टी झाली होती. आम्ही स्टाफरूममध्ये चहा घेत होतो. विज्ञान शिकवणाऱ्या बाई माझ्या शेजारी बसतात. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हे बघा, तुमच्याच भागातलं दिसतंय. सांभाळून राहा हो."

फोटो वरून काढलेला होता, गच्चीतून किंवा बाल्कनीतून. एक म्हातारी बाई, हिरवी इरकल साडी, डोक्यावर पदर, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. एका हाताने तिने तीन-चार वर्षांच्या मुलीचं मनगट धरलेलं होतं. दुसऱ्या हातात लिमलेटच्या रंगीत गोळ्या. खाली लिहिलेलं होतं: सावधान. मुले पळवणारी टोळी सोलापुरात दाखल. ही बाई काळा चष्मा लावून फिरते व गोळ्या देऊन मुलांना बेशुद्ध करते. हा मेसेज जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

ती साडी मीच तिला दिवाळीला घेतली होती.

मी काहीतरी बोलले असेन, कारण त्या बाई उठून उभ्या राहिल्या. "काय झालं? ओळखीच्या आहेत का?"

"माझी मावशी आहे," मी म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "अहो, मी आत्ताच तीन ठिकाणी पाठवला हा," त्या म्हणाल्या. मग लगेच, "मी काढून टाकते," म्हणत त्या मोबाइलवर बोटं फिरवायला लागल्या. मला तिथं थांबणं शक्य नव्हतं. घरी फोन लावला. मावशीचा मोबाइल वाजत राहिला, तो घरी होता म्हणून. मुख्याध्यापकांना दोन वाक्यांत सांगितलं आणि स्कूटी काढली.

विजापूर रोडवरून येताना माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी इथं लिहीत नाही. अशा अफवांवरून लोकांनी अनोळखी माणसांना मारल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या आहेत. वाचताना वाटायचं, ही लोकं कुठली असतात? आता ती माझ्याच कॉलनीत असणार होती, माझ्याच ओळखीची, दूधवाल्याकडे रोज भेटणारी.

आमच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिथं गर्दी दिसली. तीस-चाळीस माणसं असतील. बायकाही होत्या. बहुतेकांचे हात वर होते आणि हातात मोबाइल होते. गिरणीचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं आणि त्याच्यापुढे गिरणीवाले काका उभे होते. ते तेलुगू बोलणाऱ्या घरातले, फार कमी बोलणारे. मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे ज्वारी दळायला नेत होते आणि "उद्या या" यापलीकडे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. ते दोन्ही हात पसरून उभे होते आणि एवढंच म्हणत होते, "पोलिस येतेत. पोलिस आल्यावर बोला."

मी गर्दीतून पुढे गेले. एका तरुणाने मला अडवलं.

"तुम्ही कोण?"

"मी तिची भाची. सोडा मला."

"म्हणजे तुम्ही पण ह्यांच्यातल्याच का?" तो म्हणाला, आणि त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. तो चित्रण करत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, उत्साह होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ह्या मॅडम हितल्याच हायत," गिरणीवाले काका म्हणाले. "आमच्याकडं दळण असतं त्यांचं. जाऊ द्या त्यांना." त्यांनी शटर हातभर वर केलं आणि मी वाकून आत गेले.

मावशी ज्वारीच्या पोत्यावर बसली होती. पदर पिठाने पांढरा झालेला. चष्मा तिच्या मांडीवर होता, त्याची एक काडी तुटलेली. ऑपरेशनचा डोळा उघडा होता आणि त्यातून पाणी येत होतं. मी तिचा चेहरा माझ्या ओंजळीत धरला. तिचं पहिलं वाक्य होतं ते असं: "बाई, ती पोर लई भ्याली असंल गं. रडत हुती."

"तुला मारलं का कुणी?"

"न्हाई. वढलं. चष्मा पडला." मग थोडं थांबून, "मी काय केलं गं? पोरीचा हात धरला म्हनून चिडली का समदी?"

तिला काहीच माहीत नव्हतं. कुणी तिचा फोटो काढला, तो कुठं गेला, त्याखाली काय लिहिलं, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीने घडलं होतं ते एवढंच: घर सापडेना, सगळी घरं सारखी दिसतात, डोळ्यापुढे धुरकट. एका फाटकाशी छोटी मुलगी खेळत होती. खोकल्यासाठी मावशीच्या पिशवीत गोळ्या कायम असतात, त्यातल्या तिने काढल्या. आणि घाबरली की तिला कानडी सुचतं, तसं तिने विचारलं, "बा यव्वा, इल्लि बा. मनी यल्लैती?" म्हणजे, ये बाळा, इकडे ये, घर कुठं आहे? मुलीला ते कळलं नाही. मुलगी मागे सरली तर मावशीने तिचा हात धरला, मारुतीचं देऊळ दाखव म्हणून. मुलगी रडायला लागली. मावशीने हात सोडला आणि पुढे निघाली. अर्ध्या-पाऊण तासाने, ती गिरणीपाशी पोचली तेव्हा, माणसं तिच्याभोवती जमायला लागली, आणि गिरणीवाल्या काकांनी तिला आत घेऊन शटर ओढलं.

पोलिस आले. एक महिला शिपाई आणि त्यांच्यासोबत एक हवालदार. बाईंनी आत येऊन मावशीला पाणी दिलं, मला नाव-पत्ता विचारला, आणि बाहेर जाऊन गर्दीला चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं की ही आजी ह्याच कॉलनीत पाहुणी आलेली आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये हा फोटो आहे त्यांनी तो आत्ता, माझ्यासमोर काढून टाकायचा. काहींनी काढला. बरेच जण नुसते पांगले. मला अडवणारा तरुण कुठं गेला ते कळलंच नाही.

डॉक्टरांकडे जाताना मावशीने स्कूटीवर मला मागून घट्ट धरलं होतं. सुदैवाने डोळ्याला इजा झाली नव्हती. लाली होती, धूळ गेली होती. डॉक्टरांनी डोळा धुतला, नवा चष्मा दिला. मावशी तिथं नेहमीसारखी बोलली, हसलीसुद्धा. घरी आल्यावर मात्र तिने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

संध्याकाळी महिला शिपाई घरी आल्या. दिवसभराच्या थकल्या होत्या, चहा घेतला. म्हणाल्या, "मॅडम, तक्रार द्यायची असेल तर द्या. कुणी टाकलं ते सापडतं." मी विचारलं, एवढी शिकलेली माणसं असल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवतात? त्या म्हणाल्या, "फोटो खरा असतो ना मॅडम. बाई खरी, पोरगी खरी, रस्ता ओळखीचा. मग खाली लिहिलेलं पण खरंच वाटतं. ते कोण तपासतंय?"

त्या गेल्यावर मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की फोटोतली स्त्री माझी सख्खी मावशी आहे, उपचारासाठी आली आहे, कृपया हा फोटो कुणीही पुढे पाठवू नये, आणि जिथं पाठवला असेल तिथं हेही पाठवावं. उत्तरं आली. जोडलेले हात, रडणारे चेहरे, 'फार वाईट झालं'. आणि त्यात एकाने विचारलं, 'नक्की ना?'

त्या दोन शब्दांनी मी पेटले. सकाळीच पोलिस ठाण्यात जायचं, फोटो काढणाऱ्याचं नाव शोधायचं आणि सोडायचं नाही, असं मी ठरवलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "जा. लागलं तर मी पण येतो रजा टाकून." मावशी पलंगावर बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. पोलिस ठाण्यात जायला निघणार तेवढ्यात बेल वाजली. दारात पंचविशी-सव्विशीची एक मुलगी उभी होती. ड्रेस, केस कसेतरी बांधलेले, डोळे सुजलेले. तिच्या पायांना बिलगून एक छोटी पोरगी. पोरीला मी लगेच ओळखलं, फोटोतली.

"मॅडम, मी मागच्या गल्लीत राहते," ती म्हणाली. "फोटो मी काढला होता."

मी तिला आत या म्हणाले नाही. मी काय म्हणाले ते आठवत नाही, पण बोलणं कडक होतं. ती खाली मान घालून ऐकत होती. आतून मावशीचा आवाज आला, "कोन आलंय गं? दारात का हुभं केलंस?"

मग ती आत आली. सोफ्याच्या कडेवर बसली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "मी हे लिहिलं होतं. फक्त हे."

तिने त्यांच्या गल्लीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलेला मूळ मेसेज होता तो. फोटो तोच. खाली: 'या आजींना कुणी ओळखतं का? माझ्या मुलीला गोळ्या देत होत्या.' बाकी काही नाही. टोळी नाही, बेशुद्ध नाही, सावधान नाही. तिने एक प्रश्न विचारला होता. कुणीतरी तो प्रश्न काढून टाकून आपलं काहीतरी लिहिलं, पुढच्याने त्यात आणखी घातलं, आणि तासाभराच्या आत माझ्या शाळेच्या स्टाफरूमपर्यंत ते पोचलं.

"पण तुम्ही खाली उतरून विचारलं का नाही?" मी म्हणाले.

तिने पोरीला जवळ ओढलं. मग तिने सांगितलं. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. ती वैरागची, इथं तिचं कुणी नाही. गेल्या आठवड्यात तिच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला होता, एका लहान मुलाला पोत्यात घालून नेताना. कुठला, कधीचा, काही माहीत नाही. पण तेव्हापासून तिला तो डोळ्यासमोरून जाईना. पोरगी फाटकाशी गेली तरी ती वरून दहादा डोकावायची. तो व्हिडिओ तिने पुन्हा पुन्हा बघितला होता, आणि बघितला की तसलेच आणखी दोन यायचे. "काल मी कपडे वाळत घालत होते," ती म्हणाली. "खाली बघितलं तर काळा चष्मा आणि हातात माझ्या पोरीचं मनगट. माझे पायच हलले नाहीत, मॅडम. कठड्यावर मोबाइल होता, तेवढंच सुचलं."

मावशी इतका वेळ ऐकत होती. चष्म्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "अगं, पर मी तुज्या दारातच हुते की. वरनं हाक मारायचीस, कोन गं म्हातारे, कुटली तू? मी सांगितलं असतं. मला बी कुनीतरी हाक मारायला पायजे हुतं. वाट चुकलेवते मी."

ती मुलगी रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर हात धरून. पोरगी आईकडे बघून रडायच्या बेताला आली. मावशी उठली, चाचपडत तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "आईला भ्या वाटतंच. वाटायलाच पायजे," ती म्हणाली. "माज्या लेकाला कुनी अनोळखीनं हात लावला असता तर मी काय फोटू काढला असता व्हय? मी दगडच घातला असता."

ती मुलगी रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. माझा राग अजून उतरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो इतक्या सहज माफ करणाऱ्या मावशीवरही थोडा होता. तिला ते कळलं असावं. मी चहा ठेवायला आत गेले तशी ती मागून आली. म्हणाली, "तक्रार द्यायची तर दे. पर त्या पोरीचं नाव घालू नगंस. तिनं नुसतं इचारलं. ज्यानं खालचं लिवलं, त्याचं बघ."

तसंच केलं. ठाण्यात मी मूळ मेसेज दाखवला, बदललेला दाखवला, दोन्हीतला फरक समजावून सांगितला. ती मुलगीही माझ्याबरोबर आली आणि आपण फोटो काढल्याचं तिने स्वतःच सांगितलं. पोलिसांनी शोध घेतला. तीन-चार जणांना बोलावून समज दिली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की साहेब, मला आला तसा मी पुढे पाठवला. ते वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

दरम्यान फोटो चाललाच होता. अकलूजलाही पोचल्याचं सांगायला नवऱ्याच्या बँकेतल्या एकाचा फोन आला. वैरागला त्या मुलीच्या माहेरी पोचला, तिच्या आईनेच तिला पाठवून 'पोरीला सांभाळ' म्हणून सांगितलं, आणि फोटोतली पोर आपलीच नात आहे हे त्या माउलीच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मावशीच्या गावात सुनेच्या मोबाइलवर आला तेव्हा तिथं मात्र लोक आधी हसले आणि मग चिडले.

ती मुलगी रोज दुपारी यायला लागली. मी शाळेत असायचे, तेव्हा ती आणि मावशी दोघीच घरी. ज्या ज्या ग्रुपवर फोटो गेल्याचं कळायचं, तिथल्या कुणाला तरी शोधून ती खरं काय ते पाठवायची. मावशी शेजारी बसून वाती वळत ऐकायची. एक दिवस मावशी तिला म्हणाली, "नुसतं लिवून कोन वाचतंय? माजा दुसरा फोटू काढ. ह्या येळंला मला इचारून."

तिने काढला. त्यात मावशी आमच्या व्हरांड्यात बसलेली आहे, काळा चष्मा लावूनच, आणि छोटी पोरगी तिच्या मांडीवर. पोरीच्या आईने पोरीचा चेहरा दिसू नये म्हणून तिला पाठमोरी बसवलं होतं. ते तिचं तिलाच सुचलं होतं. त्याबरोबर मावशीने आपल्या आवाजात निरोप दिला: "मी ह्या पोरीची आजी न्हाई, पर आजीसारकीच हाय. माजं डोळ्याचं आप्रेशन झालंय. मी कुनाचं लेकरू पळवत न्हाई, माजीच नातवंडं मला आवरत न्हाईत. माजा पैला फोटू काढून टाका." मग तेच सगळं कानडीत.

आम्हाला वाटलं हे खूप लांब जाईल. तितकं गेलं नाही. लोकांनी ऐकलं, छान म्हणाले, आणि तिथंच ठेवलं. भीतीचा मेसेज जसा हातातून हातात गेला, तसा हा गेला नाही. ती मुलगी त्याने फार खट्टू झाली. तिने तिच्या मोबाइलवरून तसले व्हिडिओ पाठवणारे दोन ग्रुप सोडले, आणि आलेली कुठलीही गोष्ट दिवसभर तशीच ठेवायची, लगेच पुढे पाठवायची नाही, असं ठरवलं. "दिवसभर ठेवलं की निम्म्याहून जास्त आपोआपच फालतू वाटायला लागतं," असं ती मला म्हणाली होती. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर, ज्यांनी 'नक्की ना?' विचारलं होतं त्या गृहस्थांनीच, अनोळखी माणसाचा फोटो टाकायचा नाही, शंका आली तर आधी माणसाशी बोलायचं किंवा पोलिसांना कळवायचं, असं सुचवलं. मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ माफ केलं.

डोळा बरा झाल्यावर मी मावशीला गावी सोडायला गेले. अक्कलकोटची एसटी भरलेली होती. आमच्या समोरच्या सीटवर तिरकी बसलेली एक कॉलेजातली मुलगी मोबाइलकडे आणि मावशीकडे आळीपाळीने बघत होती. मावशीने उन्हासाठी तसलाच काळा चष्मा लावला होता आणि साडीही इरकलच, फक्त निळी. आता ती कुणाला दाखवेल, बस थांबेल, पुन्हा ते सगळं, असं वाटायला लागलं. मी मावशीला हळूच म्हणाले, "चष्मा काढून ठेवतेस का?"

"का काढू?" ती म्हणाली. आणि पुढे वाकून त्या मुलीच्या खांद्याला हात लावला. "बाळ, फोटूतली बाई हुडकतीस व्हय? मीच ती."

मुलगी दचकली. मोबाइल तिच्या हातातून पडता पडता राहिला. मावशीने तिला सगळी हकीकत सांगितली, देवळापासून पोत्यापर्यंत, काही न लपवता आणि काही न वाढवता. आजूबाजूचे चार लोक कान देऊन ऐकायला लागले. एक म्हातारा मध्येच कानडीत काही म्हणाला, मावशीने त्याला कानडीत उत्तर दिलं आणि तो मान हलवत राहिला. ती मुलगी ऐकता ऐकता लाल झाली होती. "आजी, मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पाठवलाय," ती म्हणाली. "मी आता तिथंच लिहिते, की मी ह्यांना भेटले म्हणून." तिने लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं.

उतरताना मावशी मला म्हणाली, "बघ. बोललं की झालं." मला तसं वाटत नाही. गिरणीपाशी ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. बोलायला समोरच्याने मोबाइल खाली ठेवावा लागतो. पण तिला ते मी सांगितलं नाही.

ह्या सगळ्याने तिच्यात काही बदललं नाही असं म्हणता येणार नाही. ती अजून येते माझ्याकडे, पण एकटी देवळात जात नाही. रस्त्यात लहान मूल दिसलं की पूर्वी ती थांबून चार शब्द बोलल्याशिवाय पुढे जायची नाही. आता हात मागे घेते आणि आधी त्याची आई कुठं आहे ते बघते. मला ते बघवत नाही.

मागच्या गल्लीतली मुलगी आता माझ्या घरातलीच झाली आहे. मावशी आली की ती छोटीला घेऊन येते. छोटी शाळेत जायला लागली. मावशी तिला कानडी आकडे शिकवते, ओंदु, एरडु, मूरु, आणि ती ते शाळेत जाऊन म्हणून दाखवते.

मावशीच्या मुलाने तिला नवीन टचचा मोबाइल घेऊन दिला आहे. तिला काही आलं की ती मला फोन करते. "लिंबाच्या बियानं गुडघा बरा हुतो म्हनं. खरं हाय का?" मी म्हणते माहीत नाही, डॉक्टरांना विचारू. "मग राहू दे," म्हणते. तिने आजवर एकही मेसेज पुढे पाठवलेला नाही. पाठवायचा कसा ते तिला येतं. सुनेने शिकवलं आहे.

मध्यंतरी तिचा तो फोटो पुन्हा आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने पाठवला, ती आता विदर्भात असते. खाली तिकडच्याच एका गावाचं नाव घातलेलं होतं, बाकी मजकूर तोच. मी तिला सगळं लिहून कळवलं. तिने माफी मागितली आणि तिच्याकडच्या लोकांनाही सांगते म्हणाली. मग मी मावशीला फोन लावला, कारण तिने मला बजावून ठेवलं आहे की फोटो कुठं दिसला तर मला सांगायचं, लपवायचं नाही.

तिने गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं. "लई लांब असंल की," ती म्हणाली. "मी तर कवा गेले न्हाई तितं." मागून गाय हंबरत होती. धार काढायची वेळ झाली होती, म्हणून तिने फोन ठेवला.